एपीके पाठवणाऱ्यांनाही जरा सांगा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परत ती चौकट आली, ‘व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नका’. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये ॲप टाकायची फाईल. चौकट बरोबरच आहे, कुणी नाही म्हणतंय. पण माझं बार्शीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि काउंटरच्या आतल्या बाजूनं हा प्रकार जरा वेगळा दिसतो म्हणून लिहितोय. मोबाईलवरच टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मागे एक काका आले, म्हणे फोन लई गरम होतोय आणि दोन दिवस झाले मेसेजच येत नाहीत. मेसेज येत नाहीत म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. बघतो तर मेसेजचं डिफॉल्ट ॲप बदललेलं, म्हणजे बँकेचा ओटीपी सगळा तिकडं जाणार आणि काकांना पत्ताच नाही. ते ॲप मेनूत कुठं दिसेना, सेटिंगमधल्या लांबलचक यादीत सापडलं, नाव ‘आरटीओ चलन’. काढायला गेलो तर अनइन्स्टॉलचं बटणच दबेना, कारण त्यानं डिव्हाइस ॲडमिनची, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची परवानगी घेऊन ठेवलेली, आधी ती काढली मग ते निघालं. अर्थात त्याच्याही आधी नेट बंद केलं, दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन लावून खातं गोठवलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार. नशीब, पेन्शन जमा व्हायची होती, खात्यात हजार-बाराशेच होते. सगळ्यांचं नशीब असं नसतं, ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला लग्नाच्या आमंत्रणाची फाईल आली, उघडली, आणि १ लाख ९० हजार गेले. लग्नपत्रिका कोण उघडून बघणार नाही हो.

तर मी काकांना सवयीनं झापायला लागलो, असली फाईल उघडायचीच कशाला म्हणून. काका शांतपणे म्हणाले, “अरे पण आमच्या पतसंस्थेचं ॲप पण व्हॉट्सॲपवरच आलं होतं की, तेव्हा तूच टाकून दिलंस.”

गपच झालो. खरं होतं ते. पतसंस्थेनं मेंबरांच्या ग्रुपवर एपीके टाकलेली, काका फोन घेऊन आले, मी चहा पीत पीत दोन मिनिटांत टाकून दिलं आणि वीस रुपयेसुद्धा घेतले नाहीत. आणि टाकताना व्हॉट्सॲपला बाहेरचं ॲप इन्स्टॉल करायची जी परवानगी द्यावी लागते ती मीच चालू केली आणि बंद करायची विसरलो. पूर्वी ‘अननोन सोर्सेस’ हे अख्ख्या फोनला एकच बटण होतं, २०१७ ला अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासनं प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी असते, व्हॉट्सॲपला वेगळी, क्रोमला वेगळी. पण एकदा दिली की ती राहते. म्हणजे चोर आला तेव्हा कडी मीच काढून ठेवलेली होती.

आणि एकटी पतसंस्था नाही. माझ्या पोराच्या शाळेचं फी भरायचं ॲप पालकांच्या ग्रुपवर एपीके म्हणूनच आलं, खाली ओळ काय तर ‘वॉर्निंग आली तरी इन्स्टॉल एनीवे दाबा’. आता मला सांगा, माणसानं ओळखायचं कसं? शाळा सांगते वॉर्निंगकडं बघू नका, पोलीस सांगतात बघा, आणि चोर अगदी शाळेसारखंच बोलतो! मी त्या शाळेला विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरवाल्यानं तसंच दिलंय. प्ले स्टोअरवर स्वतःचं ॲप ठेवायला खातं उघडावं लागतं, त्याला एकदाच २५ डॉलर लागतात, दोन-अडीच हजार रुपयांच्या आतबाहेर, वर थोडी टेस्टिंगची कटकट असते. तेवढं वाचवायला हजार पालकांना वॉर्निंग न वाचायची सवय लावायची. बरं नाहीच टाकायचं प्ले स्टोअरवर तर नका टाकू, पण स्वतःच्या वेबसाईटवर ठेवा, पत्ता पासबुकावर किंवा फीच्या पावतीवर छापा, ग्रुपवर फाईल तरी फिरवू नका.

गूगलनंही काही केलं नाही असं नाही. अँड्रॉइड १३ पासनं असं बाहेरनं टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि आपल्या जागी बटणं दाबायची परवानगी सहज देता येत नाही, आणि २०२४ मध्ये प्ले प्रोटेक्टची (फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय) एक नवी योजना भारतासाठी जाहीर झाली, व्हॉट्सॲप-ब्राउझरवरनं आलेलं ॲप मेसेज वाचायची वगैरे परवानगी मागत असेल तर इन्स्टॉलच होऊ द्यायचं नाही. पण माझ्याकडं असेही फोन येतात की ज्यात प्ले प्रोटेक्टच बंद केलेलं असतं, कुणी केलं विचारलं तर ‘फोनवरच्या साहेबांनी सांगितलं’.

आता एक उलटं पण बोलतो. बाहेरचं ॲप म्हणजे विषच असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. मी स्वतः एफ-ड्रॉइड म्हणून दुसरं ॲप स्टोअर वापरतो, २०१० पासनं चालू आहे, सगळी ओपन सोर्स ॲप, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही बघू शकतो, तिथलं ऑस्मअँड म्हणून नकाशाचं ॲप आहे ते नेट नसलं तरी चालतं. आणि प्ले स्टोअरवर सगळे संत आहेत असंही नाही, सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ एवढ्यात २,२०० च्या वर फसवी कर्जाची ॲप गूगलला तिथनं काढावी लागली. शिवाय मार्च २०२४ मध्ये गूगलला द्यायच्या फीच्या भांडणावरनं गूगलनं शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम यांचीच ॲप दोन-चार दिवस गायब केली होती, म्हणजे एकच दार असलं की दारवानाची मर्जी. आता गूगलनं ठरवलंय की ज्यानं स्वतःची ओळख नोंदवली नाही त्याचं ॲप कुठनंही घ्या, बसणारच नाही, सप्टेंबर २०२६ ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासनं सुरुवात आणि २०२७ पासनं बाकीच्यांचा नंबर. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणालेत, बघू कशी ठेवतात. चोराला खोट्या कागदावर सिमकार्ड मिळतं तर खोटी नोंदणीही मिळेल, हौसेनं ॲप बनवणारा कॉलेजचा पोरगा मात्र नोंदणीच्या भानगडीत अडकेल, असं आपलं मला वाटतं.

म्हणून विनंती एवढीच की पुढची चौकट पाठवणाऱ्यांसाठी छापा. पतसंस्था, शाळा, हाउसिंग सोसायट्या, खतं-बियाणांचे दुकानदार, सगळ्यांसाठी, की बाबांनो ग्रुपवर एपीके टाकू नका. मी माझ्यापुरतं दुकानात सुरू केलंय, कुणाचं काही टाकून दिलं की गिऱ्हाईकाच्या देखत ती परवानगी बंद करतो आणि कुठं आहे ते त्यालाच शोधायला लावतो, वेळ जातो, मागचं गिऱ्हाईक वैतागतं.

काकांच्या पतसंस्थेला पण जाऊन सांगून आलो. मॅनेजर हो हो म्हणाले. काल ग्रुपवर नवीन व्हर्जन आलंय, एपीकेच.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, बार्शी