दूध परत सुरू करायला लावणाऱ्या आशाताईंना

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या कानावर आलंच असेल. जुलाबानंतर दूध पचेनासं झालेलं आमचं लेकरू लातूरहून आणलेल्या डब्याच्या पावडरीनं बरं झालं, असं गावात बोललं जातंय. परवा पंगतीत तर एका पाहुण्यानं त्या डब्याची किंमतसुद्धा सांगितली. तो डबा आम्ही फोडलाच नाही आणि दुकानदारानं कुरकुर करत परत घेतला, हे कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. श्रेय भलतीकडं गेलं की पुढच्या आईला सल्लाही भलताच मिळतो.

दूध बंद करा म्हणणारे आम्हाला रगड भेटले. चुलत सासूबाई, मेडिकलवाला, फोनवरून माझी मावशी. बंद केलेलं दूध परत कधी आणि कसं सुरू करायचं, हे सांगणाऱ्या मात्र तुम्ही एकट्याच. माझे आभार आहेत ते मुख्यतः त्याचेच.

मृगाचा पाऊस झाला की आपल्याकडं जुलाबाची साथ ठरलेली. उन्हाळाभर टँकरवर काढायचा आणि पाऊस पडला की विहिरीत गढूळ पाणी उतरायचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला आपला जिल्हा, इथं पाणी आलं याचाच आनंद एवढा असतो की ते कसलं आहे हे कोण बघतो! पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली का म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन विचारणाऱ्या तुम्हीच, आणि त्यावरून शिपायाशी भांडणाऱ्याही तुम्हीच.

लेकराला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाचे (रोटाव्हायरस लशीचे) थेंब तुम्हीच बोलावून पाजून घेतले होते. तरी जुलाब लागलेच, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मग त्या थेंबाचा काय उपेग?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काकू, जुलाबाचे जंतू काय एक आहेत? रोटाचा जुलाब लेकराला पार आडवं करतो, थेंब त्याचा जोर मोडतात. बाकीच्यांसाठी हात धुवा."

ओआरएस कसं करायचं हे मी डी.एड.ला असताना फळ्यावर लिहिलेलं. तुमच्या हातानं होताना बघणं वेगळं. लिटरची बाटली मागितलीत, पाणी उकळून गार केलेलं आहे का विचारलंत, पाकीट कात्रीनं कापून सगळं आत रिकामं केलंत, वर बोटानं टिचकी मारून तळाची भुकटीसुद्धा काढलीत. आत्याबाई अर्धं पाकीट उद्याला ठेवा म्हणत होत्या. तुम्ही ठेवू दिलं नाही. कमी पाण्यात जास्त भुकटी झाली तर लेकराला अपायच, आणि तयार पाणीही चोवीस तासांनंतर फेकायचं. मग चमच्यानं घोट घोट. त्यानं भडाभडा ओकून टाकलं, मी रडकुंडीला आले, आणि तुम्ही भिंतीला पाठ टेकून म्हणालात, "दहा मिनिटं थांबू, मग अजून हळू देऊ." दर शीनंतर पाव ते अर्धा कप. जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का, लघवी होते का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का, हे तुम्ही मला माझ्याच हातानं करून बघायला लावलंत.

झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, 20 मिलिग्रॅमची, पूर्ण 14 दिवस. जुलाब थांबल्यावर घरात सगळ्यांचं मत पडलं की आता कशाला. तुम्ही दारातूनच ओरडलात, "गोळ्या दाखवा, मोजते मी!" आणि खरंच मोजल्यात.

इथवरचं काम, तुम्ही म्हणाल, प्रत्येक आशाताई करते. खरंय. पण पुढचं वेगळं होतं.

पाण्यासारखे जुलाब थांबले, लेकरू खेळायला लागलं आणि घरात दुधाची वाटी परत आली. आमच्या गोठ्यात देवणी गाय, शिवाय दोन म्हशी. दुधावाचून लेकरू ठेवणं म्हणजे आमच्याकडं अब्रूचा प्रश्न. वाळलंय बिचारं म्हणून दोन्ही वेळा दूध, वर साय. आणि दर वाटीमागं तासा-दोन तासात तेच! पोट नगाऱ्यासारखं, आत गुडगुड, फेसाळ शी, आंबट वास. शीच्या जागेची कातडी लालबुंद होऊन सोलली, खोबरेल लावलं तरी किंचाळायचं. दात येताहेत, दृष्ट लागली, आजोबांवर गेलंय, सगळं म्हणून झालं. आजोबांवर म्हणजे काय, तर मामंजींना आयुष्यभर दूध पचलं नाही, ताकाचा मात्र तांब्या लागतो. कुणी शेळीचं दूध सुचवलं. त्याच आठवड्यात तो डबा आला.

तुम्ही आलात ते वजन करायला. मी सांगायला लागले तर मला मध्येच थांबवून एकेक विचारलंत. शी दूध प्यायल्यावरच होते की कधीही? फेस आहे का? रक्त किंवा शेंब पडते का? अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का? भाकरी कुस्करून दिली तर पचते का? मी एवढे दिवस शी धूत होते, पण तिच्याकडं इतकं बारकाईनं बघितलं जावं असं कुणी सुचवलं नव्हतं. आणि सगळं ऐकून तुम्ही औषधाचं नाव घेतलं नाहीत. "मला वाटतं ते मी मनात ठेवते. उद्या सरकारी दवाखान्यात बालरोगवाले डॉक्टर बसतात, मी येते संगं." तुमचं हे वाक्य मला सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडं ज्याला अर्धं कळतं तो पूर्ण सांगतो.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमच्या मनातलंच निघालं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडणारा लॅक्टेज हा पाचकरस लहान आतड्याच्या आतल्या बारीक लव असते, तिच्या टोकाशी तयार होतो. जोराच्या जुलाबात नेमकी ती टोकंच झडतात. मग साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात. गॅस, फेस, आंबट वास, सोललेली कातडी, सगळं त्या आंबण्याचं. टोकं परत उगवतात, बहुतेक लेकरांत दोन-चार आठवड्यांत. मामंजींचा प्रकार निराळा. वय वाढेल तसा तो रस कमी होत जातो, पण इतक्या लहान वयात सहसा तसं दिसत नाही. म्हणून आजोबांवर जाण्याचा प्रश्न नाही! ताक मात्र दोघांनाही चालतं, कारण विरजणातले जंतू काही साखर आधीच खाऊन टाकतात. मी शीची तपासणी करायची का विचारलं, तर म्हणाले, दूध कमी केल्यावर थांबतं का आणि हळूहळू वाढवल्यावर पचतं का, हीच सध्या तपासणी. जुलाब 14 दिवसांच्या वर रेंगाळले किंवा वजन घटलं तर लगेच या.

अंगावरच्या दुधाचं तर मी विचारायलाही भीत होते. लेकरू अजून रात्री पितं, आणि तेही तोडायला सांगितलं जात होतं. डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधात ही साखर गाईच्या दुधापेक्षा जास्तच असते, तरीही ते बंद करायचं नाही; बहुतेक लेकरं ते निभावून नेतात आणि आतडं भरून यायला त्याचाच आधार. तुम्ही माझ्याकडं बघून फक्त मान हलवलीत. परतीच्या वाटेवर, काळीपिवळीत, मी पदराखाली घेतलं त्याला.

घरी आत्याबाईंना सांगायचं काम माझ्यानं झालं नसतं. सुनेनं दवाखान्यातून येऊन दूध बंद म्हणायचं, म्हणजे बघा! तुम्ही ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलात, चहा मागून घेतलात, म्हशीच्या फॅटची चौकशी केलीत. आणि मग, "काकू, तुमचं दूध एक नंबर आहे. पण लेकराचं आतडं आतून खरचटलंय. गुडघा खरचटला तर त्यावर आपण मीठ चोळतो का? खपली धरू द्या, मग तुमच्याच हातानं पाजा." आत्याबाईंचा चेहरा तेव्हाच मोकळा झाला. दूध वाईट ठरलं नाही, गोठा वाईट ठरला नाही, त्यांनी घातलेली साय वाईट ठरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवल्या. मुगाची मऊ खिचडी, तिच्यावर तुपाची धार (तुपात ही साखर जवळजवळ उरत नाही), केळं, तिळाचं बारीक कूट घातलेलं वरण. डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं एक जास्तीचं जेवणही त्यांनी स्वतःकडं घेतलं. दूध नाही तर कॅल्शियम कुठून, ही माझी काळजी तिळानं बरीच हलकी केली. बाकी ताक होतंच.

आठवडे उलटले, पोट बसलं, कातडी भरून आली. आणि इथं बहुतेक घरं थांबतात. "न्हाई मानवत त्याला" म्हणायचं आणि वर्षानुवर्षं दूध दाखवायचं नाही. आम्हीही थांबलो असतो, कारण भीती बसली होती. तुम्ही आपण होऊन आलात. आधी घट्ट दही-भात. तो पचला तर भाताच्या पेजेत दोन चमचे दूध. मग अर्धी वाटी, तीही जेवणावर, रिकाम्या पोटी नाही. दोन पायऱ्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, बिघडलं तर घाबरायचं नाही, एक पायरी मागं यायचं. एकदा मागं आलोच आम्ही. आता दोन वेळा दूध पितो, पठ्ठ्या मिशी पुसत नाही. तुम्ही वरची मर्यादाही घालून दिलीत. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, नाहीतर दुधानंच पोट भरतं, भाकरी-भाजी जात नाही आणि रक्त कमी होतं. आत्याबाईंना हे अजून पटलेलं नाही. त्या चोरून देतात. माझं लक्ष असतं.

भावकीतल्या त्या लहानगीचंही इथं लिहायला हवं, कारण तिच्या आईनं माझं ऐकून तसंच करायचं ठरवलं होतं. तिच्या शीत रक्ताचे धागे होते, वरचं दूध पाजलं की अर्ध्या तासात अंगभर गांधी. तुम्ही तिला माझा रस्ता धरू दिला नाहीत, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलंत. तिची अडचण साखरेची नव्हतीच, दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघाली. तिथं ताक-दहीही चालत नाही, शेळी-म्हशीचं दूधही नाही, कारण ती प्रथिनं एकमेकांसारखीच. बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स' वाचून बाजूला ठेवावं लागतं. आणि दूध परत देऊन बघायचं ते घरी नाही, डॉक्टरांसमोर. बरीच लेकरं शाळेत जायच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात म्हणे. वाचणाऱ्या आयांनी एवढं करावं, माझी हकीकत उचलून तशीच आपल्या लेकराला लावू नये. आधी शीकडं नीट बघावं आणि आपल्या आशाताईंना सांगावं.

2024 च्या सुरुवातीला तुम्ही मानधनासाठी संपावर होतात, आझाद मैदानापर्यंत गेलात. तेव्हा आपल्याच गावात मी लोकांना म्हणताना ऐकलंय, "ह्यांना काय काम असतं?" आता कुणी म्हणालं तर मी झिंकच्या गोळ्या मोजण्यापासून सुरुवात करते. समोरचा कंटाळेपर्यंत सांगते. तुमचं मानधन वेळेवर यावं यासाठी माझ्या पत्रानं काही होणार नाही, हे कळतं मला. तरी ग्रामसभेत विषय निघाला तर मी उठून बोलणार आहे, आणि आत्याबाईही येणार म्हणताहेत. त्या बोलायला लागल्या की सरपंच खाली बघतात, तुम्हाला माहीत आहेच.

आणखी दोन कामं. धाकट्या जावेच्या लेकीचे अडीच महिन्यांचे थेंब येत्या लसीकरणाला आहेत. जाऊ माहेरून परत आली आहे, कार्ड माझ्याकडं आहे, यादीत नाव घाला. आणि घरातली ओआरएसची पाकिटं संपलीत, येताना दोन आणा. पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरची बाटली असेल तर तीही. चहा बिनदुधाचा घेणार की दुधाचा, हे आत्याबाईंनी विचारायला सांगितलंय.

तुमची,
वरच्या आळीतल्या खोडकराची आई