ठिपके कोणी द्यायचे?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकलेवरचा लेख मनापासून आवडला. खटकली ती त्याखालची ‘मुलांसोबत करून पाहा’ ही चौकट. इअरबड रंगात बुडवा, ठिपके द्या, झाले चित्र तयार! मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून हे लिहितो आहे.

लेखात ही ठिपक्यांची शैली हजारो वर्षांची म्हटली आहे. वाळूवर, अंगावर, खडकावर चित्रे काढणे तितके जुने आहेच. पण मध्य वाळवंटातली फळ्यांवरची आणि कॅनव्हासवरची चित्रे १९७१ मध्ये पापुन्या वस्तीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीच्या काही चित्रांत फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनी पाहायची चिन्हे उघड दिसत होती. त्यावरून समाजात नाराजी झाली. मग ती चिन्हे गाळली जाऊ लागली, काही ठिकाणी ठिपक्यांखाली झाकली गेली. म्हणजे आपण ज्याला सजावट समजतो, तो बऱ्याचदा पडदा असतो.

त्यामागे काय आहे ते पुढच्या पिढीला मिळते, पण एकदम नाही. वय, दीक्षा, नाते पाहून थोडे थोडे उलगडले जाते. याच वाळवंटातल्या वार्लपिरी लोकांत तर वडिलांकडून चित्रातल्या कथेची मालकी येते आणि आईकडून ज्यांचे नाते लागते, ते लोक सगळे नीट होते आहे ना, यावर लक्ष ठेवतात. कोणती कथा कोणी रंगवायची, हे हात किती चांगला यावर ठरत नाही.

आदिवासी चित्रकार बांडुक मरिका यांचे उदाहरण सांगतो. त्यांच्या कुळाच्या पवित्र पाणवठ्याचे चित्र शैक्षणिक संचात छापायला त्यांनी परवानगी दिली होती. ते चित्र उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणले गेले आणि ऑस्ट्रेलियात विकायला आले. पवित्र जागा लोकांच्या पायाखाली! कुळाच्या नियमाने अशा गैरवापराचा जाब चित्रकारालाच द्यावा लागतो, मग चूक कोणाचीही असो. १९९४ मध्ये न्यायालयाने भरपाई देताना हा सांस्कृतिक आघातही धरला. परवानगी शिकवण्यासाठीच दिलेली होती, हे आम्हा शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

आणि ही चित्रे केवळ जुन्या आठवणी नव्हेत. १९९७ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातल्या ज्येष्ठांनी जमिनीच्या दाव्यासाठी सुमारे ८ बाय १० मीटरचा कॅनव्हास मिळून रंगवला. सुनावणीत एकेक जण आपापल्या पाणवठ्यावर, म्हणजे कॅनव्हासच्या तेवढ्या भागावर, उभा राहून स्वतःच्या भाषेत बोलला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. दहा वर्षे लागली, हे वेगळे.

(आपणही फार शहाणे नाही. लग्नात सवाशिणींनी लिहायचा वारल्यांचा चौक आता चहाच्या कपावरही सापडतो.)

मुलांना ही चित्रे जरूर दाखवावीत. पण पुरवणीत चित्रांखाली नुसते ‘सौजन्य : इंटरनेट’ आहे. यापुढे तिथे चित्रकाराचे नाव, गाव आणि कथा कोणत्या कुळाची ते छापावे आणि ‘करून पाहा’ची चौकट वगळावी, ही विनंती. ठिपकेच द्यायचे तर ठिपक्यांची रांगोळी आहे, तिला कोणाची परवानगी लागत नाही.

— एक चित्रकला शिक्षक, नाशिक