त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि.

खाट ११ वरच्या आजी आठवतात ना? रात्री दोनला आम्ही आईला घेऊन आलो, तेव्हा ती चादरीवरून एकेक काहीतरी वेचत होती. "तांदूळ निवडतेय," म्हणाली. चादर कोरी होती. परवापर्यंत धडधाकट असलेली आई मला ओळखत नव्हती. घरात कुणी म्हातारचळ म्हणालं, कुणी बाहेरचं झालंय म्हणालं. खरं सांगते, आईला वेड लागलं या भीतीनं मीही खचले होते.

तुम्ही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात, वार उलटे म्हणायला लावलेत. "रविवार, शनिवार, शुक्रवार... आषाढ," आणि ती गप्प झाली. तुम्ही म्हणालात, "हा डेलिरियम आहे, म्हणजे आजारामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. या वयात दोन दिवसांत एवढा फरक पडला, तर आधी रक्त बघायचं. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या."

सोडियम ११४ निघालं. हवं १३५ ते १४५. बीपीची नवी गोळी ते लघवीवाटे बाहेर टाकत होती, आणि आईनं बीपीच्या धसक्यानं मीठच सोडलं होतं. रक्तातलं सोडियम उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात, हे तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलंत. "लवकर चढवा ना," म्हणून भाऊ चिडला, तरी तुमचा आवाज चढला नाही. २४ तासांत सोडियम ८ पेक्षा जास्त वाढवायचं नाही, घाई केली तर मेंदूच्या खोडातल्या मज्जातंतूंचं आवरण कायमचं खराब होऊ शकतं, म्हणालात. मग दर सहा तासांनी रक्त, आणि थेंब मोजून सलाइन.

चौथ्या दिवशी आकडा १३३. रिपोर्टवर 'कमी' ही खूण तशीच होती. तुम्ही तो कागद बाजूला ठेवून मला विचारलंत, "आई तुम्हाला नेहमीसारखी वाटते का?" त्याच सकाळी तिनं डोळे उघडून विचारलं होतं, "दूध तापवलंस का? नासेल." मी 'हो' म्हणाले आणि तिथंच रडले. नॉर्मल कशाला म्हणायचं, हे तुम्ही आम्हालाही विचारलंत, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आईला ती रात्र तुकड्यातुकड्यांनी आठवते. तुम्हाला चोर म्हटल्याचं आठवलं की ती खजील होते. तिचा हात थोपटत तुम्ही "आजी, एवढी एकच सुई" म्हणत होतात, तेही तिला आठवतं. डिस्चार्जच्या दिवशी तुमची ड्यूटी नव्हती, म्हणून हे पत्र.

आपली ऋणी,
खाट ११ च्या आजींची मुलगी