गच्चीवरच्या बागेत मधमाश्यांनाही जागा हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर गेल्या पावसाळ्यात लाल भोपळ्याचा वेल छान पसरला, फुलेही भरपूर आली. पण सुपारीएवढे झालेले फळ पिवळे पडून गळत असे. मला वाटले, खत कमी पडले. भोपळ्याची नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात, ती पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात, आणि तेवढ्या वेळात पराग मादीफुलापर्यंत पोहोचला नाही तर फळ धरत नाही, हे कळल्यावर काही दिवस मी रंगाच्या कुंचल्याने ते काम केले. यंदा मधमाश्या याव्यात म्हणून तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत आणि परातीत खडे घालून पाणी ठेवले. हळूहळू मागच्या पायांना परागाच्या गोळ्या चिकटवलेल्या माश्या वेलावर दिसू लागल्या आणि कुंचल्याची गरज उरली नाही.

म्हणूनच आमच्या गल्लीत डाळिंबाच्या झुडपावरचे फुलोरी माशीचे तळहाताएवढे मोहोळ धुरी देऊन जाळले गेले, तेव्हा फार वाईट वाटले. ही माशी लहान आणि बरीच शांत. आग्या माशीसारखी तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. आग्या मोहोळाला मात्र कोणीही स्वतः हात लावू नये, जाणकाराला बोलवावे.

बागप्रेमींना कळकळीची विनंती आहे की, झाड फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये. निंबोळी तेलसुद्धा सूर्यास्तानंतरच वापरावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा माश्या पोळ्यात पाणी आणून पंखांनी वारा घालतात आणि पिल्लांचा कप्पा ३५ अंशांच्या आसपास राखतात. त्या दिवसांत परातीतले पाणी आटू देऊ नये.

मधमाश्या पाळण्याची पेटी ठेवण्याची हौस असेल त्यांनी मात्र घाई करू नये. मोहरी फुलते त्या थंडीत मुरैना-भिंडकडे मधपाळ शेतांच्या कडेला पेट्या मांडतात. तिथे जाऊन चौकट कशी उचलतात, राणी कशी ओळखतात, फुलोरा संपल्यावर माश्यांना काय खाऊ घालतात, हे आधी पाहावे आणि रीतसर प्रशिक्षण घ्यावे. घरात किंवा शेजारी कोणाला दंशाची ॲलर्जी असेल, तर पेटीचा विचार सोडून फुलझाडेच वाढवावीत.

आपला,
एक बागप्रेमी वाचक
लष्कर, ग्वाल्हेर