७ सप्टेंबरही मुलांना सांगा

महोदय,
२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आमच्या कारखान्यातले माग बंद करून आम्ही सगळे एका मोबाइलभोवती उभे होतो. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला आणि कांड्या भरणाऱ्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. आता तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. पण शाळांनी ७ सप्टेंबर २०१९ ची रात्रही सांगावी. तेव्हा चांद्रयान-२ चा लँडर आदळला होता. इस्रोने चुका शोधल्या, पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवले, उतरायची जागा ऐसपैस धरली. याला चार वर्षे लागली. माझा मुलगा यंदा बारावीत गणितात राहिला. त्याला मी हीच तारीख सांगितली.

– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर