नियमांनी कायदा बदलता येत नाही

शिक्षणविषयक नियमांत दुरुस्ती करण्याचा शासनाचा अधिकार मूळ कायद्यातूनच येतो, त्यामुळे त्या कायद्याने दिलेला हक्क निव्वळ अधिसूचना काढून हिरावता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात; महाराष्ट्र शासनाच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने मात्र एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली, हे योग्यच झाले. कलम ३८ मधील नियम करण्याचा अधिकार अंमलबजावणीपुरता आहे. नवी सूट हवीच असेल (ती नसावी, असे माझे मत), तर विधेयक आणून कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल.