अण्णाकाकांचा मास्क वेगळा होता

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर हा विषय निघाला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते आणि सगळं तिथेच राहतं. कागद हातात असला की बाबा तो शेवटपर्यंत वाचतात. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाची वहीसुद्धा तुम्ही कधी अर्धी तपासून ठेवली नाहीत. मन्या उद्या चिपळूणला निघतोय, त्याच्याकडे पत्र देतेय.

आधी सांगून टाकते. झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कने लावायचं ते सीपॅप मशीन मी घेतलं. शुक्रवारी पैसे भरले, काल ते घरी आलं. शनिवारी मी ते घेऊन येते आणि चार दिवस राहते, रजा टाकली आहे. बाबा, सप्टेंबरात परत जाताना तुम्ही म्हणालात, "मला ते नको, पुन्हा विषय काढू नकोस." मी मान डोलावून शब्द दिला होता. तो मोडतेय, आणि त्याचं मला वाईट वाटतंय. पण न मोडता मला झोप लागत नाही. किमतीचं विचारू नका. माझ्या एमएस्सीच्या वेळी तुम्ही पीएफमधून किती काढलेत, हे मी तुम्हाला आजवर विचारलेलं नाही.

मे महिन्यातली ती रात्र मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाही. माडीवर उकडत होतं म्हणून मी माजघरात तुमच्या कॉटजवळ चटई टाकली होती. तुमचं घोरणं चालू होतं आणि मध्येच थांबलं. मला वाटलं, कुशीवर वळले असतील. बघितलं तर छाती-पोट हलत होतं आणि श्वास मात्र येत नव्हता. मी मोजायला लागले. लहानपणी वीज चमकली की मी तुमच्या कुशीत शिरायचे आणि तुम्ही मला मोजायला लावायचात, तसं. तीन आकड्यांना एक किलोमीटर. गडगडाट नवव्या आकड्याला आला म्हणजे वीज तीन किलोमीटरवर, नदीपलीकडे, असं तुम्ही म्हणायचात. त्या रात्री नऊ झाले, वीस झाले. एकतीसला तुम्ही हिसका देऊन श्वास घेतलात आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. अंधारातून आईचा आवाज आला, "झोप गं, रोजचंच आहे."

आई, म्हणजे तू जागी होतीस. किती वर्षं तू अशी अर्धी जागी झोपतेस? बाबांच्या दंडाला हात लावून त्यांना वळवतेस आणि सकाळी पाचला उठून आमचे डबे करतेस, हे आम्हाला कधी दिसलंच नाही. आम्ही तर हसलो. दादाच्या केळवणाला मी फोनवर टेप केलेलं बाबांचं घोरणं सगळ्यांना ऐकवलं होतं आणि बाबा, तुम्हीही हसला होतात. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. डॉक्टरांना ऐकवायला म्हणून परवा लावलं, तर त्यातही मध्ये ते थांबणं आहे. बावीस आकडे. त्या बावीस आकड्यांत आमच्या सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आहे. मला माफ करा.

आता स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराच्या तपासणीबद्दल. "त्या रात्री मला धड झोपच लागली नाही, त्यांचं यंत्र काय सांगणार," असं तुमचं म्हणणं आहे. बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि नाकाशी नळी लावून कुणालाच घरच्यासारखी झोप लागत नाही, हे डॉक्टरही मान्य करतात. पण जेवढी लागली तेवढ्यात तासाला ४१ वेळा श्वास अडकला किंवा अपुरा पडला. हा आकडा ५ च्या आत असला तर ठीक, ३० च्या वर गेला की आजार तीव्र. रक्तातला ऑक्सिजन एकदा ७४ टक्क्यांवर उतरला होता. अण्णाकाकांच्या करोनाच्या वेळी आपण ऑक्सिमीटर हातात घेऊन ९४ ला घाबरत होतो, आठवतं?

तुम्ही जाड नाही, दारू नाही, तंबाखू नाही, मग हे तुम्हाला कसं, असं तुम्ही विचारलंत. झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. ज्यांचा खालचा जबडा थोडा मागे असतो त्यांच्या घशातली वाट मुळात अरुंद, ती सैल पडली की मिटते. शहाळ्याची कागदी नळी ओली झाल्यावर जोरात ओढली की कशी आतल्या आत चिकटते, तसंच. तुमचा जबडा आजोबांसारखा आहे, आणि माझाही. मीही डिसेंबरात तपासून घेणार आहे.

रात्री चार-चार वेळा बाथरूमला उठणं आपण शुगरच्या आणि प्रोस्टेटच्या खात्यात टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, यालाही हेच कारण असू शकतं. वाट बंद असताना छाती आतून ओढत राहते, हृदयावर ताण येतो, आणि हृदयच मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा निरोप धाडतं. सकाळी जड होणारं डोकं, तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, पेपर वाचता वाचता लागणारी डुलकी, सगळं याच धाग्यात असू शकतं. मशीनने सगळं जाईल असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. दिवसाची पेंग जाईल आणि बीपीला थोडी मदत होईल, असं म्हणाले. आणि रोज लावलं तरच. एक रात्र सोडली की ती रात्र पहिल्यासारखीच.

आई, तुला घाबरवायला नाही, पण २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लहिरी गेले तेव्हा बातम्यांत याच आजाराचं नाव होतं. तू मला विचारलं होतंस, झोपेचा हा कसला आजार. मी म्हणाले होते, घोरण्याचाच काहीतरी.

बाबा, आता खरं बोलते. दवाखान्यात त्या मुलाने पिशवीतून मास्क काढला आणि तुम्ही उठून चप्पल घालायला बाहेर गेलात. मला राग आला होता. परत जाताना पाटणपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, हे आईने नंतर सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मे २०२१. नर्सने धरलेला फोन, आणि अण्णाकाकांनी हलवलेला हात. तुम्ही त्यानंतर व्हिडिओ कॉल घेतच नाही.

हा मास्क तो नाही, बाबा. हे मी शंभरदा लिहीन. अण्णाकाकांची फुप्फुसं दमली होती, तुमची ठणठणीत आहेत, एक्स-रे तुम्ही स्वतः खिडकीशी धरून बघितलात. या मशीनमध्ये ऑक्सिजन नाही, सिलिंडर नाही. ते तुमच्या वतीने श्वास घेत नाही, श्वास तुम्हीच घेणार. ते फक्त माजघरातलीच हवा जरा दाबाने नाकात सोडतं, म्हणजे ती वाट मिटत नाही. बस्स. दाब किती, तर तुमच्या प्रयोगशाळेतली यू नळी आठवा, लाल शाईचं पाणी घातलेली. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा १० सेंटीमीटर वर चढवायला लागतो तेवढा. यांचं मापही तेच आहे, सेंटीमीटर पाणी. मशीन ४ ते २० पर्यंत जातं, तुमचं ६ ते १२ वर लावून दिलंय. फुगा फुगवायला याहून जास्त जोर लागतो.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: हे ज्यांनी पहिल्यांदा केलं ते सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन, १९८० मध्ये. सुरुवातीच्या यंत्रांत त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्याआधी ज्यांचं फार बिघडलेलं असे त्यांच्या गळ्याला भोक पाडावं लागे. तुम्ही अशा माणसाला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं.

मिशी काढावी लागणार नाही. हे मी मुद्दाम विचारून घेतलं. नाक झाकणाऱ्या मोठ्या मास्कला मिशीमुळे हवा गळते, म्हणून मी नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन छोट्या मऊ उशांचा घेतलाय. तोंड मोकळं, डोळे मोकळे, चष्मा लावून वाचताही येतं. त्याला बारीक भोकं असतात, त्यातून सतत फुस्स आवाज येतो. तो बिघाड नाही, सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. त्यावर चादर ओढू नका. "लाइट गेली तर गुदमरेन" असं तुम्ही म्हणालात. नाही गुदमरणार, तोंड मोकळंच आहे, आणि त्या भोकांतून हवाही येते. इन्व्हर्टरवर ते आरामात चालतं, पाणी गरम करायचा भाग बंद ठेवला की फारच थोडी वीज लागते.

तुमची झोपायची जागा बदलायची नाही. तीच कॉट, तीच मच्छरदाणी, तेच घोंगडं. मशीन कॉटशेजारच्या स्टुलावर मच्छरदाणीबाहेर राहील, नळी सहा फुटी आहे, ती खालून आत घ्यायची. आई, तू बाजूलाच झोप. त्याचा आवाज आपल्या पंख्यापेक्षा कमी आहे. सुरुवातीला तुलाच चुकल्यासारखं होईल, मध्यरात्री उठून तू त्यांच्या छातीवर हात ठेवशील. ठेव, पण उठवू नकोस.

पहिले पंधरा दिवस कठीण जातात, हे लपवत नाही. नाक कोरडं पडेल, पोटात हवा जाऊन गुबारा धरेल, पट्ट्यांचे वळ गालावर उठतील. रात्री नकळत काढूनही टाकाल. काढलात तर चिडू नका, पुन्हा लावा. आधी दिवसा लावायचा, पेपर वाचताना वीस मिनिटं, आरामखुर्चीत, मी समोर बसते. आधी नुसता मास्क, मग हवा चालू करून. रात्रीची गोष्ट नंतर.

आता मी सांगते ते ऐकायचं. नळाचं पाणी भांड्यात घालायचं नाही, विहिरीचं तर नाहीच. डिस्टिल्ड वॉटर मी आणतेय, संपलं की औषधाच्या दुकानातून घ्या, बॅटरीत घालायचं ते नको. सकाळी उरलेलं पाणी ओतून भांडं पुसून कोरडं. नाकाच्या उशा रोज साध्या साबणाने धुवायच्या, नळी आठवड्यातून एकदा, आणि उन्हात वाळत घालायची नाही, सावलीत. मशीन उचलताना आधी पाणी काढायचं, आत सांडलं तर संपलं. आई, त्या खोलीत मच्छर अगरबत्ती आणि धूप बंद, मशीन तीच हवा ओढणार. आणि बाबा, झोपेची ती अर्धी गोळी, मला माहीत आहे. ती घसा आणखी सैल करू शकते. स्वतःहून एकदम बंद करू नका, आपण शनिवारी डॉक्टरांना फोन करून विचारू.

गाडीची किल्ली सापडत नाही म्हणून तुम्ही कपाट उपसलंत, असं दादा म्हणाला. ती माझ्याकडे आहे. दोन्ही. तुम्हाला न विचारता नेल्या. कुंभार्ली घाटात तिसऱ्या वळणावर तुमचे डोळे मिटले होते आणि आईने स्टिअरिंगला हात घातला, हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी मागे बसले होते, मला दिसलं. डॉक्टर म्हणाले, पेंग जाईपर्यंत गाडी नको. कायमची नको असं कुणी म्हटलेलं नाही. चाळीस वर्षांत तुमच्या हातून साधा ओरखडा उठला नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. मशीनच्या कार्डावर रोज किती तास लावलं ते उमटतं. पुढच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की किल्ली मी स्वतः आणून तुमच्या हातात देईन आणि पहिल्यांदा शेजारी मीच बसेन. तोवर बँकेला, बाजारात मन्या नेईल, त्याला मी सांगितलंय.

एक विचार मनातून जात नाही, तो इथेच लिहिते, बोलून दाखवता येणार नाही. आजोबा झोपेत गेले. सगळे म्हणाले, पुण्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मीही तेच म्हणत आले. ते का गेले हे आता कुणालाच सांगता येणार नाही आणि मला त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण त्यांचं घोरणं पडवीपर्यंत ऐकू यायचं, आणि मध्येच थांबायचं, असं तुम्हीच सांगता. मला तुमच्यासाठी तसलं पुण्य नको आहे, बाबा.

रागावला असाल तर शनिवारी समोर रागवा. मी ऐकून घेईन. फक्त "आईला देतो" म्हणू नका.

आई, काळजी करू नकोस. शुक्रवारी रात्री निघते, उजाडता पोचते. चहा मी करीन, तू उठू नकोस.

तुमची,
छकुली

ता. क. आई, कॉटजवळच्या स्टुलावरचा रेडिओ आणि औषधांचा डबा खिडकीत हलवून ठेव. आणि त्या भिंतीवरचं प्लग पॉइंट, २०२१ च्या पुरानंतर बसवलेलं, चालतं का ते मन्याकडून आजच बघून घे. नसेल तर मी येताना लांब वायरचा बोर्ड आणते.